उत्तरेकडचा डोंगर : एका नाताळकथेचे चित्रपुस्तक आणि त्याची रूपांतरे

परभाषेतील बालवाङ्मयाचे परीक्षण करताना ते कोणी लिहिले, केव्हा लिहिले आणि त्यातून मुलांना कोणता बोध होतो, एवढे प्रश्न आपण विचारतो. ते कोठे बसून वाचले जाते, हा प्रश्न मात्र सहसा विचारला जात नाही. चित्रपुस्तकाच्या बाबतीत तो टाळून चालत नाही. चित्रातील डोंगर पाहिला की मुलाला आपल्या अंगणातून दिसणारा डोंगर आठवतो, आणि त्या डोंगरावर चित्रकाराने जे कोणी बसविले असेल ते मुलाच्या मनात आपल्याच डोंगरावर जाऊन बसते. प्रस्तुत लेखात अशाच एका पुस्तकाचा विचार करावयाचा आहे. अमेरिकन लेखक व चित्रकार डॉ. स्यूस यांचे ‘हाऊ द ग्रिंच स्टोल ख्रिसमस’ हे पुस्तक १९५७ साली प्रसिद्ध झाले. सणावर लिहिलेल्या मुलांच्या पुस्तकांत त्याचे स्थान आज अभिजात मानले जाते, आणि १९६६, २००० व २०१८ या वर्षी त्याची पडद्यावर रूपांतरे झाली.

कथा थोडक्यात अशी. हूव्हिल नावाच्या गावात ‘हू’ नावाचे इवलेसे लोक राहतात व त्यांना नाताळ अतिशय प्रिय आहे. गावाच्या उत्तरेस डोंगरात एका गुहेत ग्रिंच नावाचा एकलकोंडा प्राणी राहतो. त्याला नाताळचा, विशेषतः त्या दिवशी होणाऱ्या गाण्याचा, मनस्वी तिटकारा आहे. तो सांताक्लॉजचे सोंग घेतो, मॅक्स नावाच्या आपल्या कुत्र्याच्या डोक्यावर एक शिंग बांधून त्याला सांबर बनवितो, आणि रात्रीतून गावातील सर्व भेटवस्तू, मेजवानीचे पदार्थ व शोभेची झाडे चोरून डोंगरावर नेतो. सकाळी गावातून रडण्याचा आवाज येईल अशी त्याची अपेक्षा असते. येतो तो गाण्याचा. सण वस्तूंवाचूनही आला, याचे त्याला कोडे पडते. अखेरीस तो सर्व वस्तू परत करतो व गावकऱ्यांच्या पंक्तीला बसतो.

बुलढाणा जिल्ह्याच्या संग्रामपूर तालुक्यातील सोनाळा हे गाव सातपुड्याच्या पायथ्याशी आहे. तेथील मुलालाही उत्तरेकडे पाहिले म्हणजे डोंगरच दिसतो. बर्फ, घसरगाडी व धुराडे या गोष्टी त्याला सर्वस्वी परक्या असल्या तरी या कथेचा भूगोल त्याला परका नाही. गाव खाली व डोंगर वर, आणि तोही उत्तरेला. हा केवळ योगायोग आहे. परंतु या योगायोगामुळे पुस्तकाचे जे गुण अमेरिकन टीकाकारांना दिसले त्यांच्या जोडीला एक अडचणही दिसू लागते. त्या गुणांचा व त्या अडचणीचा एकत्र विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

पुस्तकाचा पहिला गुण म्हणजे त्याचा संयम. ग्रिंचला नाताळ का आवडत नाही, याचे निश्चित कारण लेखक सांगत नाही. कारण कोणालाच नीटसे ठाऊक नाही असे म्हणून तो तीन तर्क पुढे मांडतो: डोके जाग्यावर नसेल, जोडे घट्ट होत असतील, किंवा हृदय दोन मापांनी लहान असेल. तिसरा तर्क त्याला अधिक संभवनीय वाटतो, इतकेच. या तर्कांपैकी एकही स्पष्टीकरण या नावास पात्र नाही. घट्ट जोड्यांमुळे माणूस सणाचा वैरी होतो, हे ऐकून मूल हसते, आणि त्या हसण्यातच दुष्टपणाला नेहमी कारण सापडतेच असे नाही ही जाणीव त्याच्या मनात नकळत रुजते.

हाच संयम शेवटी पुन्हा दिसतो. ग्रिंचचे हृदय त्या दिवशी तीन मापांनी वाढले, हे वाक्य लेखक स्वतःच्या अधिकाराने उच्चारीत नाही. हूव्हिलमध्ये तसे सांगतात, एवढेच तो म्हणतो. मराठीत या वृत्तीसाठी ‘म्हणे’ हा एकच शब्द पुरेसा आहे. आपल्या आजीच्या गोष्टी या ‘म्हणे’वर उभ्या असतात. ऐकलेले पुढे सांगावयाचे, पण त्याची हमी घ्यावयाची नाही, ही लोककथेची जुनी रीत स्यूस यांनी एका छापील पुस्तकात सांभाळली आहे.

तिसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. संपूर्ण पुस्तकात हूव्हिलमधील एकच व्यक्ती बोलते, आणि ती म्हणजे सिंडी-लू ही जेमतेम दोन वर्षांची मुलगी. तीही उपदेश करीत नाही. आमचे झाड का नेतोस, एवढेच विचारते. ग्रिंच तिला खोटे सांगून, पाणी पाजून झोपावयास पाठवितो. सणाचा अर्थ वस्तूंत नाही, हे गावातील कोणीही बोलून दाखवीत नाही. ते ग्रिंचच्या मनात एका शंकेच्या रूपाने उगवते. स्यूस यांना हा शेवट साधण्यास फार दिवस लागले. जे काही लिहावे ते दुय्यम दर्जाच्या धर्मोपदेशकासारखे वाटे, असे त्यांनी नंतर सांगितले आहे. अखेर कोणतेही विधान न करता त्यांनी ग्रिंचला गावकऱ्यांबरोबर पंक्तीस बसविले, त्याच्याच हातून मांस वाढविले आणि तेथे एका शब्दश्लेषावर पुस्तक संपविले. उपदेश टाळण्यासाठी लेखकाला किती परिश्रम करावे लागतात, याचा हा बोलका दाखला आहे. आपल्याकडील सणांच्या पाठांत शेवटचा परिच्छेद बोधासाठी राखून ठेवण्याची जी सवय दिसते, तिच्याशी याची तुलना करून पाहावी.

चित्रांचा विचार केला तर तेथेही हाच काटकसरीपणा आढळतो. कागदाचा पांढरा, रेषांचा काळा, आणि तांबड्या व गुलाबी छटा, एवढ्यावर सर्व काम भागविले आहे. पांढरा कागद हाच बर्फ होतो. आज ग्रिंच म्हटला की हिरवा रंग डोळ्यांपुढे येतो. परंतु पुस्तकातील ग्रिंच हिरवा नाही. तो रंग त्याला नंतर मिळाला.

हिरवा रंग आला तो १९६६ साली. चक जोन्स यांनी दिग्दर्शित केलेला सुमारे २६ मिनिटांचा व्यंगचित्रपट त्या वर्षी १८ डिसेंबर रोजी अमेरिकन दूरचित्रवाणीवर प्रथम दाखविण्यात आला. जोन्स आणि स्यूस यांचा परिचय दुसऱ्या महायुद्धातील होता. सैनिकांच्या शिक्षणासाठी काढलेल्या व्यंगचित्रपटांवर दोघांनी एकत्र काम केले होते. निवेदन व ग्रिंचचा आवाज ही दोन्ही कामे बोरिस कार्लॉफ या नटाने केली. पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावयास जेवढा वेळ लागतो त्याच्या कितीतरी पट वेळ भरून काढावयाचा असल्याने जोन्स यांनी भर घातली. पण ती कोठे घातली हे पाहण्यासारखे आहे. त्यांनी कारणांत भर घातली नाही, हालचालीत घातली. मॅक्स हा कुत्रा पुस्तकात एक बिचारा सोबती आहे; चित्रपटात तो प्रेक्षकाच्या बाजूने सर्व प्रकार पाहणारा साक्षी होतो. घसरगाडी कड्यावरून कोसळण्याच्या बेतात येते, हा प्रसंगही नवा. पुस्तकात गावकऱ्यांच्या गाण्याचे शब्द नाहीत. चित्रपटाला ते हवे होते, म्हणून स्यूस यांनी लॅटिनसारखे वाटणारे परंतु अर्थ नसलेले शब्द योजिले. माध्यमाची गरज तर भागली आणि पुस्तकाचे मौनही मोडले नाही. उत्तम रूपांतराचा हा वस्तुपाठ म्हणावयास हरकत नाही.

२००० सालच्या रॉन हॉवर्ड यांच्या चित्रपटात मात्र दिशा बदलते. जिम कॅरी यांनी त्यात ग्रिंचची भूमिका केली आणि रंगभूषेसाठी त्या चित्रपटास ऑस्कर पारितोषिक मिळाले. येथे पूर्ण लांबीचा बोलपट उभा करावयाचा होता, आणि त्यासाठी ग्रिंचला बालपण देण्यात आले. शाळेत त्याची टवाळी होते, एका मुलीवरील त्याचे प्रेम विफल होते, आणि अपमान असह्य होऊन तो डोंगरावर निघून जातो. गावातील लोक खरेदीच्या मागे लागलेले दाखविले आहेत. सिंडी-लू आता दोन वर्षांची राहिलेली नाही. ती गावभर चौकशी करून ग्रिंचचा पूर्वेतिहास शोधून काढते. शेवटी तिचा पिता सणाचा अर्थ भेटवस्तूंत नाही हे सर्वांसमक्ष बोलून दाखवितो. स्यूस यांनी जे वाक्य टाळण्यासाठी दिवस घालविले तेच येथे उच्चारले गेले.

२०१८ सालचा संगणकीय व्यंगचित्रपट याच वाटेने जातो. त्यातील ग्रिंच अनाथ आहे. बालपणी नाताळच्या दिवशी तो एकटा पडला, हे त्याच्या तिटकाऱ्याचे मूळ. सिंडी-लूची काळजी वेगळी आहे: तिला राबराब राबणाऱ्या आपल्या आईसाठी काही मागावयाचे आहे. स्वभावाने हा चित्रपट सौम्य आहे, आणि अखेरीस ग्रिंचला पंक्तीचे आमंत्रण देण्यासाठी ती मुलगी स्वतः त्याच्या दारी येते. परंतु या दोन्ही चित्रपटांत मूळ प्रश्न बदलला. पुस्तक विचारते की वस्तू नेल्या तर सण जातो काय. चित्रपट विचारतात की या दुखावलेल्या जीवाची भरपाई समाज कशी करील. पहिला प्रश्न सणाविषयी आहे, दुसरा एका व्यक्तीविषयी. दुसरा प्रश्न हलका नव्हे. पण तो आला की पहिला मागे पडतो. गावाने गाणे म्हटले त्यात गावाचा मोठेपणा होता. गावच अपराधी ठरल्यावर ते गाणे प्रायश्चित्तासारखे ऐकू येते.

येथवरच्या विवेचनावरून पुस्तक श्रेष्ठ व नंतरचे चित्रपट कनिष्ठ असा निष्कर्ष काढणे सोपे आहे, आणि वाङ्मयीन कसोटीपुरता तो खोटाही नाही. परंतु सोनाळ्याच्या मुलाला आपण मघाशी सातपुड्याकडे पाहत ठेवले आहे. त्याच्याकडे आता परत येणे भाग आहे.

स्यूस यांचा डोंगर रिकामा आहे. तेथे ग्रिंच आणि त्याचा कुत्रा यांवाचून कोणी नाही. म्हणूनच ‘कारण कोणास ठाऊक’ हे वाक्य तेथे खपून जाते. ग्रिंच कोणाचा प्रतिनिधी नाही. सातपुडा रिकामा नाही. त्याच्या रांगांत कोरकू, निहाल, भिलाला या जमातींची वस्ती आहे. हे लोक पायथ्याच्या गावांतील बाजारांना उतरतात, शेतीच्या हंगामात कामाला येतात, आणि त्यांची मुले खालच्या मुलांबरोबर एकाच वर्गात बसतात. अशा ठिकाणी गावाच्या सणावर जळणारा, वरून रात्री उतरून घरे लुटणारा आणि असे का करतो हे कोणास ठाऊक नसलेला प्राणी जर उत्तरेच्या डोंगरावर बसविला, तर खालचे मूल तो कोणाच्या चेहऱ्याने पाहील? आणि त्याच बाकावर बसलेले वरच्या वस्तीचे मूल काय ऐकेल? अमेरिकेत जो संयम कलागुण ठरतो तोच येथे एका जुन्या संशयाला खतपाणी घालू शकतो. डोंगरातले लोक चोरच असायचे, हे वाक्य पायथ्याच्या गावांना अगदीच अपरिचित नाही. या दृष्टीने पाहता २००० व २०१८ च्या चित्रपटांनी विचारलेला प्रश्न, म्हणजे तो वर का गेला आणि त्याला वर कोणी घालविले, हा आपल्याकडे अस्थानी म्हणता येणार नाही.

हा आक्षेप स्यूस यांच्यावर बाहेरून लादलेला नाही. त्याचे मूळ त्यांच्याच चरित्रात आहे. महायुद्धाच्या काळात एका वृत्तपत्रासाठी त्यांनी राजकीय व्यंगचित्रे काढली. त्यांपैकी १९४२ सालच्या एका चित्रात अमेरिकेतील जपानी वंशाच्या नागरिकांना सरसकट घरभेदी म्हणून रंगविले होते. पुढे १९५३ साली ते जपानला जाऊन आले, आणि १९५४ साली ‘हॉर्टन हिअर्स अ हू’ हे पुस्तक प्रसिद्ध करून त्यांनी ते क्योटो येथील एका जपानी मित्रास अर्पण केले. हूव्हिलचे लोक वाचकांना प्रथम भेटतात ते त्याच पुस्तकात. तेथे ते धुळीच्या एका कणावर राहतात, कोणाला दिसत नाहीत, आणि कितीही लहान असले तरी माणूस तो माणूसच, हे त्या कथेचे सूत्र आहे. म्हणजे १९५४ मध्ये जे ‘हू’ इतरांच्या नजरेआड होते, तेच १९५७ मध्ये सुखवस्तू गावकरी झाले आणि नजरेआड राहण्याची पाळी ग्रिंचवर आली. स्यूस १९९१ साली वारले. त्यानंतर ३० वर्षांनी, २०२१ मध्ये, त्यांच्या वाङ्मयाची व्यवस्था पाहणाऱ्या संस्थेने अन्य वंशांच्या लोकांचे विपर्यस्त चित्रण असलेली त्यांची सहा पुस्तके यापुढे न छापण्याचे ठरविले. ग्रिंचचे पुस्तक त्यांत नाही. तथापि मुलांच्या पुस्तकात ‘दुसरा’ कसा रेखाटला जातो याची किंमत असते, ही गोष्ट त्या निर्णयाने सर्वांच्या ध्यानात आणून दिली.

मग हे पुस्तक मराठीत आणावयाचे झाल्यास काय करावे? शेक्सपिअरच्या ‘हॅम्लेट’ला विकारविलसित आणि ‘ऑथेल्लो’ला झुंजारराव करणारी रूपांतराची परंपरा आपल्याकडे आहे. तिला अनुसरून नाताळची दिवाळी, हूव्हिलचे सोनाळा व डोंगराचा सातपुडा करण्याचा मोह होईल. वर दिलेल्या कारणास्तव तो मोह आवरला पाहिजे, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. डोंगराला नाव देऊ नये. नाताळ नाताळच राहू द्यावा. दुसऱ्याचा सण दुसऱ्याचा म्हणून समजून घेण्यात मुलाचे काहीच उणे होत नाही. उलट आपल्या सणाची आठवण त्याला आपोआप होते. होळीसाठी गावातील मुले लाकडे व गोवऱ्या पळवितात, आणि ज्याच्या पळविल्या तोही रात्री होळीपुढे उभा असतो. चोरीलाच सणात सामावून घेण्याची ही रीत पश्चिम विदर्भातील मुलाला ठाऊक आहे. भाद्रपद पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत भुलाबाईची गाणी म्हणणाऱ्या मुलींना तर हे अधिकच कळेल. खिरापत झाकलेली असते, ती ओळखावयाची असते, आणि ती काय आहे याहून ती ओळखण्याच्या गलक्यातच खरी गंमत असते. रात्रीच्या चोरीनंतर गाव गाऊ शकले कसे, हे कोडे त्या मुलींना ग्रिंचइतके अवघड वाटणार नाही.

छंदाचा प्रश्न मात्र कठीण आहे. मूळ पुस्तक पद्यात आहे. त्याच्या ओळीत दोन आघातहीन व एक आघातयुक्त अक्षर असा घटक साधारणतः चार वेळा येतो. आपल्या परिभाषेत दोन लघू व एक गुरू हा स गण होय, आणि चार स गणांचा चरण म्हणजे तोटक वृत्त. हे साम्य आकर्षक आहे, परंतु ते वरवरचे आहे. कारण तेथे आघात मोजावयाचा असतो व येथे अक्षराची मात्रा. बारा अक्षरांच्या तोटकात अखंड कथा सांगू गेल्यास ती स्तोत्रासारखी वाटू लागेल. मुलांसाठी लिहिताना विंदा करंदीकरांनी ‘राणीची बाग’ (१९६१) पासून जी बोलकी, खेळकर रचना मराठीत रूढ केली ती, किंवा भुलाबाईच्या गाण्यांतील ओढून म्हणता येणारी सैल चाल, अनुवादकाला अधिक उपयोगी पडेल. ‘हू’ हे नाव इंग्रजीतील प्रश्नार्थक सर्वनाम आहे, हेही विसरू नये. मराठीत ‘कोण’ या शब्दावरून त्या लोकांचे नाव घडविता आले तर डोंगरावरून खाली पाहणाऱ्याचा प्रश्न आणि गावातून वर पाहणाऱ्याचा प्रश्न एकच आहे, हे मुलाच्या कानावर आपोआप पडत राहील.

राहता राहिला मूळ मुद्दा: कारण सांगावे की न सांगावे? ग्रिंचला दुःखी बालपण चिकटवून हा प्रश्न सुटत नाही. त्याने फक्त पुस्तकाचे मौन नष्ट होते. आणि कारण न सांगता त्याला आपल्या ओळखीच्या डोंगरावर बसवावे तर त्याचा जाच खऱ्या माणसांना होतो. यातून निघण्याची वाट पुस्तकातच आहे, आणि ती त्या ‘म्हणे’मध्ये आहे. ग्रिंचविषयी आपल्याला जे कळते ते सर्व खालच्या गावाने सांगितलेले आहे. त्याचे हृदय लहान होते हा तर्कच, आणि ते वाढले हीही ऐकीव गोष्टच. मराठी अनुवादकाने हा शब्द एकदाच नव्हे, तर प्रत्येक तर्काच्या शेवटी वापरावा: जोडे घट्ट होते म्हणे, डोके जाग्यावर नव्हते म्हणे, हृदय लहान होते म्हणे. मूळ आशयाला यामुळे बाध येत नाही, आणि ऐकणाऱ्या मुलाला मात्र विचारावेसे वाटते: हे म्हणते कोण? तो प्रश्न विचारणारे मूल वरच्या वस्तीचे असो वा खालच्या, त्याने पुस्तक नीट वाचले असे समजावयास प्रत्यवाय नाही. ग्रिंच मात्र तीन हजार फूट उंचीवरून खाली आला, त्याने नेलेले सर्व परत केले आणि पंक्तीत स्वतःच्या हाताने वाढले. त्याच्याविषयी गावाने जे जे ऐकविले त्यात ऐकीव नसलेली गोष्ट एवढीच आहे.